घरगुती विज्ञान : बंब गेला, पहारेकरी आला

बंबाच्या दिवसांत पाणी कितपत तापलें हें घरांतील कोणीतरी हात लावून ठरवी व त्याप्रमाणें लांकूड पुढेंमागें सारी. आतां बंबाची जागा गीझरनें घेतली असून तो निवाडा थर्मोस्टॅट नांवाच्या लहानशा पहारेकऱ्याकडे गेला आहे. मात्र त्याच्या कामाविषयीं सुशिक्षित घरांतही गैरसमज आढळतात.

गेल्या पौषांत इंद्रायणीकांठच्या चऱ्होलीस आम्ही एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. सासूबाईंचें म्हणणें, चकती शेवटच्या आंकड्यावर फिरविली म्हणजे पाणी लवकर तापतें. सूनबाईंचें म्हणणें, आंकडा कमी करून गीझर दिवसभर चालू ठेवावा, म्हणजे वीज वांचते. दोघींची क्षमा मागून आम्हांस सांगावें लागलें कीं, दोन्ही समज चुकीचे आहेत.

पुष्कळ गीझरांत पितळेची नळी व तींत इन्व्हार या मिश्रधातूची कांडी असते. पितळ उष्णतेनें लांबतें. शार्ल एदुआर गिय्योम यांनीं १८९६ सालीं शोधलेलें इन्व्हार जवळजवळ लांबत नाहीं. या फरकानें वीज तुटते. पाणी कांहीं अंश निवलें कीं नळी आंखडून ती पुन्हां सुरू होते. म्हणजे आंकडा थांबण्याची जागा ठरवितो, वेग नव्हे. २ किलोवॅटच्या गीझरांत १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर जाण्यास सुमारें १३ मिनिटें, व ६० अंशांवर जाण्यास सुमारें २१ मिनिटें लागतात. आंकडा कोणताही असो, पहिलीं १३ मिनिटें सारखींच!

गीझर दिवसभर चालू ठेवल्यास टांकींतून उष्णता झिरपत राहते व कोणी स्नान न करितां तेंच पाणी पुनःपुन्हां तापविलें जातें. थंड देशांत घरें उबदार ठेवणाऱ्या बॉयलरचीही हीच गत. पेटण्याच्या व विझण्याच्या अंशांतील अंतर फार थोडें ठेविलें, तर तो घडोघडीं पेटतो, इंधन वायां जातें व भाग झिजतात. फार ठेविलें, तर घरांत कधीं उकाडा, कधीं गारठा.

म्हणून आमची सूचना अशी. कोमट सांठ्यांत लिजिओनेला नांवाचे जंतु वाढतात, यास्तव आंकडा ६० अंशांच्या आसपास असावा. स्नानापूर्वीं अर्धा तास गीझर लावावा व मग बंद करावा. परंतु ६० अंशांचें पाणी कांहीं सेकंदांतच कातडी भाजतें. तेव्हां बादलींत आधीं थंड पाणी घ्यावें, मग ऊन. आणि लहान मुलांच्या व वृद्धांच्या अंगावर घेण्यापूर्वीं पाण्यास हात लावून पाहावा. बंब गेला तरी बंबाच्या काळची ही एवढी संवय घरांत राहूं द्यावी.