गाळणी घेण्यापूर्वी पाणी ओळखा

साताऱ्याच्या काही भागात कासच्या तलावाचे पाणी येते, सांगलीत कृष्णेचे, तर जतकडे कित्येक घरांची भिस्त कूपनलिकेवर असते. या साऱ्या घरांच्या मुख्य नळावर एकाच प्रकारचे गाळणीचे कार्ट्रिज चालेल काय? माझ्या मते नाही.

नळाचे पाणी काचेच्या पेल्यात रात्रभर ठेवून पाहा. तळाशी गाळ बसला, तर ५ मायक्रॉनचे गाळ अडवणारे कार्ट्रिज उपयोगी पडेल. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साबणाला फेस येत नसेल, तर पाणी दुष्फेन आहे. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असल्यामुळे अशा गाळणीतून सहज निसटतात.

कोळशाचे कार्ट्रिज क्लोरीनचा वास घालवते, म्हणून तेही मुख्य नळावर बसवावे, असे पुष्कळांना वाटते. मला हे पटत नाही. क्लोरीन हा पाण्याचा राखणदार आहे. त्याला दारातूनच परत पाठवले, तर गच्चीवरच्या टाकीतले पाणी कोण सांभाळणार? बहुतेक जीवाणू एक-दोन मायक्रॉनचे असतात. ५ मायक्रॉनची गाळणी त्यांना रोखू शकत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले होते. अशा वेळी पाणी नितळ दिसले, तरी उकळूनच प्यावे.

कोळसा हवाच असेल, तर तो स्वयंपाकघरातील नळाला लावा आणि वेळच्या वेळी बदला. पण त्याआधी घरच्या पाण्याचा नमुना शाळेत नेऊन शिक्षकांच्या मदतीने तपासा. दुकानदाराला तुमचे पाणी ठाऊक नसते. ते तुम्हालाच ठाऊक हवे!