इरोडला घर: आधी पट्टा, मग बयाणा

इरोडच्या आठवडी कापड बाजारात चादरी-लुंग्या घ्यायला जाता-जाता तिथेच घर करावे, असे व्यापारी बांधवांना वाटणे साहजिक आहे. आमचे मत, आधी वर्षभर भाड्याने राहावे. दस्त तमिळमध्ये असतो. दलालाने वाचून दाखवला म्हणून भागत नाही, वकील आपला हवा. इथे सातबारा, तसा तिथे पट्टा. खरेदीखतानंतर तो आपल्या नावावर करून घ्यावाच. बोजा दाखल्यात नोंदलेलेच व्यवहार दिसतात, घरातल्या तोंडी वाटण्या नाहीत. (भावांच्या भांडणाला मुलूख लागत नाही!) शिवाय मुद्रांक व हस्तांतरण मिळून ७ टक्के, वर २०२३ पासून नोंदणी फी २ टक्के. ही रक्कम दुकानाच्या भांडवलातून काढली, तर रमजानचा माल उधारीवरच उचलावा लागेल.