विकले म्हणून विटाळले काय?

यंदाच्या स्नेहसंमेलनात दहावीच्या चार मुलांनी गिटार व ड्रम यांच्या साथीवर एक पाश्चात्त्य गीत गाइले. टाळ्या पुष्कळ पडल्या. परंतु एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘हे सारे बाजारू संगीत!’ असा शेरा मारला. तो गिटार वाजविणाऱ्या मुलाच्या कानी गेला, आणि त्या दिवसापासून त्याने ते वाद्य शाळेत आणलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

या मुलांचे दैवत म्हणजे १९६५ साली लंडनमध्ये स्थापन झालेले ‘पिंक फ्लॉइड’ हे पथक. मनाला स्वप्नावस्थेत नेणाऱ्या ‘सायकेडेलिक’ रॉक संगीताने त्याचे नाव झाले. १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या ध्वनिमुद्रिकेच्या चार कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या. परंतु आरंभीची बहुतेक गीते रचणारा सिड बॅरेट मनःस्वास्थ्य ढासळल्यामुळे १९६८ मध्येच दूर झाला होता. मादक द्रव्यांचाही त्यात भाग होता, असे मानले जाते. १९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’ मध्ये या मित्राचा विरह आहे, तसाच संगीताच्या धंदेवाईकपणावरचा रोषही आहे. गंमत अशी की, हा रोषही त्याच धंद्याने लाखोंनी विकला!

माझी मातृभाषा कोंकणी. त्यामुळे दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे. गोव्यातील शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांची स्वरचित इंग्रजी गीते काढावयास कंपन्या राजी नव्हत्या. तेव्हा त्यांनी घरीच, सर्व वाद्ये आपणच वाजवून, ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट १९८४ मध्ये सिद्ध केली आणि पिवळ्या स्कूटरवरून ती दुकानोदुकानी पोचविली. आपणच गवई, आपणच व्यापारी, आपणच हमाल! पुढे ‘पॅक दॅट स्मॅक’ या संग्रहात त्यांनी मादक द्रव्यांविरुद्धच गाइले, आणि लोकांनी तेही विकत घेतले. १९९५ च्या ‘बॉम्बे’ चित्रपटातील ‘हम्मा हम्मा’ने तर त्यांचा आवाज देशभर गेला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या मनुष्यास बाजारू म्हणावे काय? दूर कशाला, आपल्या शेजारच्या देवासचे कुमार गंधर्व यांच्या ध्वनिमुद्रिका रसिकांनी दाम मोजूनच घेतल्या. त्यामुळे माळवी लोकधुनांतून त्यांनी घडविलेल्या रचनांचा कस उणा झाला नाही. खपासाठी कलावंताने आपल्या गाण्यात काय बदलले, एवढेच विचारणे मला रास्त वाटते.

आमच्या मुलांविषयी माझी तक्रार निराळीच आहे. त्यांनी गाइलेले गीत उसने होते. पुढील वर्षी त्यांनी नर्मदेच्या घाटावरचे, निमाडी बोलीतले, स्वतः रचलेले एक तरी गीत गावे आणि त्यास एक रुपयाचे तिकीट लावावे, असे मी सुचविले आहे. गीताला मुख्याध्यापकांची अनुमती मिळाली. तिकिटाचे अद्याप अनिश्चित आहे.