‘पोट नॉर्मल’ लिहिण्यापूर्वी

सायकलवरून पडताना हँडलचं टोक पोटात रुतलेलं मूल कॅज्युअल्टीत येतं. बेंबीच्या वर गोल, निळसर वळ उमटलेला असतो, मूल रडून थकलेलं असतं आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘पोट नॉर्मल’ एवढाच शेरा येतो. हा शेरा आपण बंद करायला हवा. मार लागल्यावर केलेली तातडीची सोनोग्राफी, म्हणजे ‘फास्ट’, एकाच प्रश्नाचं उत्तर देते: पोटात मोकळा द्रव आहे का? मुलांमध्ये यकृत किंवा प्लीहा फाटूनही रक्त आवरणाच्या आतच अडतं आणि द्रव दिसत नाही, हे अपवादाने घडत नाही. हँडलचा मार तर स्वादुपिंड आणि ड्युओडेनम मणक्यावर चिरडतो. पोटाच्या मागच्या भागातली ही इजा सुरुवातीच्या तासांत प्रोबच्या हाती सहसा लागत नाही. २००७ साली होम्स आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सर्वांत काटेकोर अभ्यासांत पोटातलं रक्त ओळखण्याची संवेदनशीलता ६६ टक्केच भरली.

मग थेट सीटीच का करू नये, असा प्रश्न येतोच. मुलींच्या पोटाच्या दर ३०० ते ३९० सीटींमागे एक कर्करोग, असा अंदाज अमेरिकेत २०१३ साली मांडला गेला. त्यामुळे सरसकट सीटी हे उत्तर नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॅलिफोर्नियातल्या ९२५ स्थिर मुलांच्या यादृच्छिक चाचणीत (२०१७) फास्ट केलेल्या गटात ५२.४ टक्के आणि न केलेल्या गटात ५४.६ टक्के मुलांचं सीटी झालं, म्हणजे फरक जवळपास नाहीच. माझ्या मते यावरून फास्ट निरुपयोगी ठरत नाही. ती एकटी निर्णय बदलू शकत नाही, एवढंच ठरतं. १२,०४४ मुलांच्या अभ्यासातून आलेल्या पेकार्न नियमात सोनोग्राफीच नाही. पोटावरचा वळ, दुखरेपणा, पोटदुखी, उलटी, छातीवरचा मार, श्वासाचा मंद आवाज, घसरलेली शुद्ध: यांतलं काहीच नसलं, तर उपचार लागणाऱ्या इजेची शक्यता ०.१ टक्का. वळ असलेल्या आपल्या मुलाला हा नियम सूट देत नाही, मग पडद्यावर द्रव दिसो वा न दिसो.

जिथे सीटी दोन तासांवर आहे, तिथे फास्टची खरी किंमत कळते. रक्तदाब घसरलेल्या मुलात द्रव दिसला, तर सीटीची वाट न पाहता सर्जनला बोलवायला तेवढा पुरावा पुरतो. स्थिर मुलात ती काही तासांनी पुन्हा करावी, शक्यतो त्याच हातांनी. आणि प्रोब ठेवण्याआधी कॅथेटर घालू नये: मुलांमध्ये द्रव बऱ्याचदा आधी ओटीपोटात, मूत्राशयामागे साचतो, मूत्राशय रिकामं झालं की ती खिडकीच बंद होते. अहवालात वेळ लिहावी आणि त्याखाली: ‘या वेळी मोकळा द्रव दिसला नाही. अवयवाची इजा नाही, असं यावरून म्हणता येत नाही.’