बॅटरी गेली म्हणता? आधी तिचा हिशेब मागा

मंडळाची वर्गणी असो, पतपेढीचे कर्ज असो की घरचा किराणा, जमाखर्च पाहिल्याशिवाय आपण कुणाच्या तोंडी शब्दावर पैसे सोडत नाही. मात्र घरातला लॅपटॉप अडला की हा शहाणपणा आपण गुंडाळून ठेवतो. दुकानदार दोन कळा दाबतो आणि सांगतो, "बॅटरी गेली, नवीन टाका." कधी त्याच्याही पुढे जातो, "यात पैसे घालू नका, दुसरा घ्या." आपण मान डोलावतो आणि मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मोजून देतो.

वाचक बंधुभगिनींनो, लॅपटॉप आपला जमाखर्च स्वतःच लिहून ठेवत असतो. तो मागायला इंजिनियर लागत नाही. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावी लागते, इतकेच.

हे शक्य का होते, ते थोडक्यात सांगतो. लॅपटॉपच्या बॅटरीत एक छोटी चिप असते. किती वीज आत आली, किती बाहेर गेली, याची ती नोंद ठेवते. ही नोंद विंडोज किंवा लिनक्सने कशी वाचावी, याचा समाईक नियम 1996 साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून ठरवला. त्याला एसीपीआय म्हणतात. तेव्हापासून कंपनी कोणतीही असो, बॅटरीला प्रश्न विचारण्याची रीत साधारण एकच राहिली आहे.

विंडोज 10 किंवा 11 असेल तर स्टार्टवर जाऊन सी-एम-डी ही तीन अक्षरे लिहा व एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तीत पॉवर या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग, त्याला जोडूनच सी-एफ-जी, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ, आणि तिला चिकटून बॅटरी व रिपोर्ट हे दोन शब्द एकत्र लिहा. म्हणजे आज्ञा झाली 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट'. एंटर दाबताच अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला तेही त्याच खिडकीत लिहून येते. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडावी.

अहवाल लांबलचक असतो. घाबरू नये. त्यातले दोन आकडे वहीत उतरवावेत. पहिला 'डिझाइन कपॅसिटी', म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती वीज मावत होती. दुसरा 'फुल चार्ज कपॅसिटी', म्हणजे आज किती मावते. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभराने गुणले की बॅटरीचे आजचे मोल टक्क्यांत निघते. शाळेतले गणित आहे.

आमच्या वस्तीतील बी.एस्सी.ला असलेल्या एका मुलीचा जुना घेतलेला लॅपटॉप चार्जर काढल्यापासून दोन तासांत बंद पडत होता. एका दुकानाने "बॅटरी संपली" असा निकाल दिला होता. वडील कंत्राटी कामगार, त्यांनी उसनवारीची तयारीही केली होती. अभ्यासिकेत आम्ही अहवाल काढला. मूळ क्षमता 41,000 मिलिवॅट-तास, आजची 24,600. म्हणजे 60 टक्के शिल्लक. बॅटरी म्हातारी झाली होती, मेली नव्हती. मग दोन तासांतच का संपते? 24,600 मिलिवॅट-तास 12 वॅटच्या वेगाने खर्च झाले तर दोनच तास पुरतात. खर्च 8 वॅटवर आणला तर तीन तास. दुखणे मिळकतीपेक्षा उधळपट्टीचे जास्त होते.

उधळपट्टी कुठे होती, तेही सापडले. पडद्याचा उजेड पूर्ण, यंत्र 'हाय परफॉर्मन्स'वर, आणि बॅटरीवर असताना पडदा कधीच बंद होऊ नये अशी मांडणी. उजेड कळफलकावरच्या कळेने कमी केला. बाकीची कामे त्याच काळ्या खिडकीत झाली. 'पॉवरसीएफजी /सेटअॅक्टिव्ह स्कीम_बॅलन्स्ड' लिहिले की यंत्र मध्यम चालीवर येते. 'पॉवरसीएफजी /चेंज मॉनिटर-टाइमआउट-डीसी 3' लिहिले की तीन मिनिटे हात न लागल्यास पडदा विझतो. 'मॉनिटर' काढून तेथे 'स्टँडबाय' आणि 3 ऐवजी 10 लिहिले की दहा मिनिटांनी लॅपटॉप झोपी जातो. डीसी म्हणजे बॅटरीवर असताना, एसी म्हणजे चार्जर लावलेला असताना. शून्य लिहिल्यास 'कधीच नाही' असा अर्थ होतो, हे ध्यानात ठेवावे. या आज्ञा आम्ही सोयीसाठी मराठीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरेच हवीत.

आता तो लॅपटॉप पावणेतीन तासांच्या आसपास चालतो. परीक्षेच्या दिवसांत वीज गेली तरी एक धडा वाचून होतो. खर्च शून्य, उसनवारीही टळली.

कधी कधी लॅपटॉप मिटून ठेवला तरी झोपत नाही, पिशवीत तापत राहतो. अशा वेळी काळी खिडकी 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडावी आणि 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स' विचारावे. कोणता प्रोग्रॅम यंत्राला जागे ठेवतो आहे, त्याचे नावच पुढे येते. 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' विचारले तर शेवटचे कशाने जागे केले तेही बऱ्याचदा कळते.

विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ज्या जुन्या यंत्रांवर विंडोज 11 चढत नाही, त्यांवर पुष्कळ तरुण आता लिनक्स टाकतात. तेथे टीएलपी नावाचा मोफत प्रोग्रॅम बसवून घ्यावा. 'सुडो टीएलपी-स्टॅट -बी' एवढे लिहिले की बॅटरीची कुंडली समोर येते. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपांत चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोयही टीएलपीच्या मांडणीच्या फाइलमधून करता येते. लिथियम-आयन बॅटरी सतत भरलेली आणि तापलेली राहिली की लवकर झिजते. ज्या घरी लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो, तेथे या सोयीचा खरा उपयोग. विंडोजच्या पॉवरसीएफजीत ही सोय नाही. तेथे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅम असेल तर तो पाहावा.

मात्र दोन गोष्टी बजावून सांगतो. बॅटरी फुगली असेल, कळफलक वर उचलला गेला असेल, तर कोणतीही आज्ञा कामाची नाही. यंत्र बंद करा, चार्जर काढा, टोचू-दाबू नका आणि जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. ती कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुसरे असे, की फोनवरून कुणी अनोळखी माणूस "ही ओळ टाइप करा" म्हणाला तर करू नये. आज्ञेचा अर्थ कळल्याशिवाय एंटर दाबू नये.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी तर पैसे देण्यापूर्वी दुकानातच हा अहवाल काढायला लावावा. विंडोज नव्याने टाकले असेल तर मागचा इतिहास पुसला जातो, पण ते दोन आकडे बॅटरीकडूनच येतात. आकडा अंदाजाचा असतो, थोडे इकडेतिकडे होईल. पण "एकदम नवी आहे हो भाऊ" या बोलीपेक्षा तो कितीतरी बरा. 60 टक्के निघाले तर भाव करा, 30 निघाले तर नव्या बॅटरीची किंमत वजा करून बोला.

वस्तीतील अभ्यासिकांना आमचे सांगणे आहे की एक रविवार यासाठी काढावा. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांनी तो घेऊन यावे, कॉलेजच्या मुलामुलींनी अहवाल काढून द्यावेत आणि दोन्ही आकडे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावेत. सहा महिन्यांनी पुन्हा तीच वही उघडावी. कोणाची बॅटरी किती झिजली ते सर्वांना दिसेल, आणि दुकानात जाताना आई-वडिलांच्या हातात लेखी आकडा असेल.