‘हिला काय मिळवायचंय?’

एखाद्या मोठ्या खेळाडूवर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला की डोंबिवलीहून गाडी ठाण्याला पोचेपर्यंत निकाल लागलेला असतो. ‘प्रसिद्धी हवी असेल.’ ‘पैसे उकळायचे असतील.’ ‘इतकी वर्षं गप्प का होती?’ आणि हे सगळं पुरुषांच्या नावावर खपवू नका, मी हे लेडीज डब्यातही ऐकलंय.

ठीक आहे. मग जिच्याकडे प्रसिद्धी आधीच आहे, अशा बाईनेच आरोप केला तर?

तसं झालं. 18 जानेवारी 2023 रोजी जंतरमंतरवर रिओ ऑलिंपिकची कांस्यविजेती साक्षी मलिक बसली, 2018 च्या आशियाई स्पर्धेतली सुवर्णविजेती विनेश फोगाट बसली. कुस्ती महासंघाचे अध्यक्ष आणि खासदार बृजभूषण सिंह महिला कुस्तीपटूंचा लैंगिक छळ करतात, असा त्यांचा आरोप होता. सिंह यांनी तो फेटाळला.

हे नाव आपल्याला नवं नव्हतं. 2022 मध्ये राज ठाकरेंच्या अयोध्या दौऱ्याला यांनीच विरोध केला, तेव्हा ठाणे-कल्याण पट्ट्यात केवढा संताप होता! आपला नेता अडवला म्हणून रक्त उसळलं. मुलींनी तक्रार केली, तेव्हा मात्र ‘यात राजकारण आहे’ हे आपल्याला लगेच दिसलं.

28 मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेलं. 30 मे रोजी त्या पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेल्या. त्याच सुमारास सचिनच्या वांद्र्याच्या घराबाहेर ‘गप्प का?’ असं विचारणारा फलक लागला, तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक खवळले. त्याला कशाला मध्ये ओढता? म्हणजे तक्रार करणारीला ‘गप्प का होतीस’ विचारायचं, पण देवाला नाही.

तेव्हा प्रश्न प्रसिद्धीचा कधी नव्हताच. प्रश्न एवढाच असतो की हिच्यावर विश्वास ठेवला तर आपलं काय जातं. आवडता खेळाडू जातो, आवडता पक्ष जातो, भिंतीवरचं पोस्टर जातं. त्यापेक्षा तिलाच खोटी ठरवणं स्वस्त पडतं.

‘गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ हे तत्त्व मला मान्य आहे. नेपाळचा क्रिकेटपटू संदीप लामिछाने याला बलात्काराच्या खटल्यात जानेवारी 2024 मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली, मे महिन्यात वरच्या कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. निकाल निकाल असतो. बृजभूषण यांच्यावरचं अल्पवयीन मुलीचं प्रकरण 2025 मध्ये बंद झालं, हेही लपवायचं कारण नाही. पण इतर महिला कुस्तीपटूंच्या तक्रारींवर मे 2024 मध्ये कोर्टाने आरोप निश्चित केले, हे तुमच्या ग्रुपवर किती जणांना ठाऊक आहे?

आणि ‘ती खोटं बोलतेय’ हाही एक आरोपच आहे. त्याला पुरावा नको? त्याच्यासाठी कोर्ट आणि तिच्यासाठी व्हॉट्सॲप, हा कुठला न्याय?

कुणावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. ‘तपास होऊ दे’ एवढंच म्हणा आणि थांबा. कारण तुम्ही तिच्याबद्दल जे टाइप करता ते त्या खेळाडूपर्यंत कधीच पोचत नाही. ते तुमच्या घरातली, तुमच्या क्लबात सराव करणारी, अजून कुणालाच काही न सांगितलेली मुलगी वाचत असते.