साडेतीन हात जागा

मुंबईत जागेची चणचण कुणाला नवीन नाही. ब्लॉक मिळत नाही, शाळेत प्रवेश मिळत नाही, सकाळच्या गाडीत एक पाऊल टेकायची मारामार. पण शेवटी मिळणारी साडेतीन हात जागासुद्धा कायमची नसते, हे मला जुहूच्या कबरस्तानावरून कळले.

सांताक्रूझहून जुहूकडे जाताना, मोटारींच्या कलकलाटात, हे मुसलमानांचे लहानसे कबरस्तान आहे. वाचकहो, इथे कोण कोण आले पाहा! मधुबाला १९६९ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. १९८० च्या जुलैत महंमद रफी, आणि तीन महिने भरायच्या आत साहिर लुधियानवी. ‘प्यासा’ची गाणी लिहिणारा आणि त्यांतली काही गाणारा, दोघे एकाच वर्षी एकाच आवारात! पुढे २००६ साली नौशाद आणि २०२१ साली दिलीपकुमार. म्हणजे ‘मुगल-ए-आझम’चा सलीम, अनारकली आणि संगीतकार, तिघेही याच भिंतीआड.

पण २०१० साली नव्या मयतांना जागा पुरेना, तेव्हा मधुबाला, रफी, साहिर यांच्या कबरी मोडून जागा मोकळी करण्यात आली. मधुबालाची कबर संगमरवरी होती, तीही गेली. मला प्रथम रागच आला. पण व्यवस्थापकांनी तरी काय करावे? कबर पक्की बांधू नये, माती मातीला मिळू द्यावी, असे इस्लामी परंपरेतही पुष्कळ जण मानतात. आणि ज्याच्या घरी आज मयत झाली आहे, त्याला ‘इथे नटी निजली आहे, तुम्ही दुसरीकडे बघा’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आमच्या सौभाग्यवतींना हे पटत नाही. “राजेरजवाड्यांच्या कबरी नाही हो कुणी मोडत!” त्यांचे म्हणणे.

खरेच आहे. अनारकली नावाची बाई होती की नव्हती, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. तरी लाहोरला तिच्या नावाचा घुमटदार मकबरा उभा आहे. त्यात तिथल्या पंजाब सरकारचे जुने दप्तर ठेवले आहे. आणि पडद्यावर जिने तिला जिवंत केले, ती खरीखुरी मधुबाला बिनकबरीची!

रफीचे चाहते मात्र हटले नाहीत. त्यांनी जवळचे एक नारळाचे झाड खुणेला धरले. श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर त्याने गायिलेली मराठी गाणी ज्यांच्या घरी अजून वाजतात, त्यांनी ३१ जुलैला एकदा जाऊन यावे. झाड कोणते, ते तिथे जमलेला कुणीही दाखवील.